मेडिकलचं लायसन्स आणि फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन

"डी.फार्म झालं की मेडिकल टाकायचं लायसन्स मिळतं ना?" प्रवेशाचे दिवस आले की कुणी ना कुणी पालक मला हे विचारतातच. नाही मिळत. डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, आणि त्यानंतर मिळतं ते फार्मासिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन. लायसन्सचा कायदा वेगळा आणि कार्यालयही वेगळं.

रजिस्ट्रेशन माणसाचं असतं. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली आपल्याकडे महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिल ते देते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि सोबत जीवशास्त्र किंवा गणित हवं. मग दोन वाटा आहेत. डी.फार्म दोन वर्षांचं, प्रवेश बारावीच्या गुणांवर, आणि त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. बी.फार्म ही पदवी चार वर्षांची, त्यासाठी सीईटी. डी.फार्मवाल्याला बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. डिप्लोमानंतर रजिस्ट्रेशनआधी द्यायच्या एक्झिट परीक्षेचे नियम २०२२ मध्ये निघाले आहेत, तेव्हा आपल्या बॅचला ती लागू आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्या. काउंटरवर उभं राहायला दोन्ही पात्रता चालतात. औषध निरीक्षक व्हायचं असेल तर मात्र पदवीच लागते.

लायसन्स जागेचं असतं. ते अन्न व औषध प्रशासन देतं, १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली. किरकोळ विक्रीला फॉर्म २० आणि २१, घाऊक विक्रीला २०बी आणि २१बी. किरकोळ दुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा लागते. दुकान दुसऱ्या गाळ्यात हलवलं की जुनं लायसन्स तिथे चालत नाही. रजिस्ट्रेशन मात्र आपल्याबरोबर येतं. आज जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकारी, उद्या खासगी रुग्णालयात, परवा स्वतःच्या दुकानात, पण नोंदणी तीच. तिचं नूतनीकरण तेवढं वेळेवर करायचं.

म्हणून मेडिकलचा मालक फार्मासिस्ट असलाच पाहिजे असं नाही. बी.कॉम. झालेला माणूसही गुंतवणूक करून दुकान काढू शकतो. घाऊक दुकानात तर पदवी आणि एक वर्षाचा अनुभव असलेला माणूसही चालतो, तिथे फार्मासिस्टची सक्ती नाही. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध किरकोळीत द्यायचं म्हटलं की नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर हवा आणि त्याच्या देखरेखीखालीच ते दिलं गेलं पाहिजे. दुकानाचं लायसन्स आणि माणसाचं रजिस्ट्रेशन इथे एकत्र येतात, आणि सगळ्यात जास्त गैरप्रकार होतो तोही इथेच.

मी पास झालो त्या वर्षी एका दुकानदाराने मला सरळ सांगितलं होतं, "तू यायची गरज नाही, सर्टिफिकेट भिंतीवर लाव, महिन्याला पैसे घेऊन जा." घरची परिस्थिती बेताची होती, आईने दोनदा विचारलं, काय हरकत आहे? हरकत ही आहे की माझ्या नावाखाली दुसराच कुणीतरी गोळ्या देणार. वजन, वय, आधी चालू असलेली औषधं यातलं काही न विचारता. शेड्यूल एच१ म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांची यादी; त्यातली प्रतिजैविकं द्यायची तर डॉक्टर, रुग्ण, औषध आणि ते किती दिलं याची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. मी तिथे नसताना ते रजिस्टर कोण आणि कशाच्या भरवशावर भरणार? मी नाही म्हटलं. पुढे एका दवाखान्यात कमी पगारावर लागलो. तिथे एका आजींना रक्त पातळ करायची गोळी चालू असताना कुणीतरी दुखण्यावरची गोळी आणून दिली होती. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांना तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी दुखण्यावरची गोळी थांबवायला लावून डॉक्टरांना फोन केला.

एक गोष्ट तुम्ही आजच पाहू शकता. लायसन्स गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लावायचा नियम आहे. मेडिकलमध्ये गेलात की ते पाहा, आणि त्याबरोबर "फार्मासिस्ट कोण आहेत?" असंही विचारा. उत्तर म्हणून काउंटरमागचा एखादा माणूस पुढे आला, तर औषध कसं घ्यायचं हे त्यांच्याकडूनच समजून घ्या.