गोळी घेऊ का, आणि विचारायचं कोणाला?

मे 2021 मध्ये फोंड्याहून मामांचा फोन आला, "अगं, ते आयव्हरमेक्टिन सगळ्यांनीच घ्यायचं म्हणतात, घेऊ की नको?" गोव्यात तेव्हा कोविडची दुसरी लाट जोरात होती, ओळखीतल्या एकेका घरात दोन-दोन पेशंट, आणि 10 मेला आरोग्यमंत्री विश्वजित राणेंनी जाहीर केलं होतं की 18 वर्षांवरच्या सगळ्यांना, लागण असो वा नसो, आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाच्या 12 मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच दिवस द्यायच्या. लगेच डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी ट्वीट केलं की कोविडसाठी हे औषध ट्रायल, म्हणजे माणसांवरची चाचणी, सोडून वापरू नये, ही डब्ल्यूएचओची शिफारस आहे. आता इकडे मंत्री आणि तिकडे शास्त्रज्ञ, मामांनी ऐकायचं कोणाचं?

त्यात फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, "48 तासांत व्हायरस 5000 पट कमी, ऑस्ट्रेलियात सिद्ध". गंमत म्हणजे हे खोटं नव्हतं, मोनॅश युनिव्हर्सिटीचा एप्रिल 2020 चा तो प्रयोग खराच झालेला, पण तो होता माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर, काचेच्या भांड्यात, आणि तिथे औषधाचं प्रमाण इतकं होतं की नेहमीच्या डोसने माणसाच्या रक्तात त्याच्या जवळपासही पोचत नाही, कित्येक पट कमी पडतं. भांड्यात साबणाचं पाणी ओतलं तरी हा व्हायरस मरतो, म्हणून आपण साबण पितो का? मामांना एवढंच सांगितलं, की हे पेशींवर झालंय का माणसांवर, हा प्रश्न आधी विचारा.

माणसांवर बघायचं म्हणजे काय, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला औषध, दुसऱ्याला नाही, आणि दोन्हीकडे किती बरे झाले किती गेले ते मोजायचं. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने 2020 च्या जूनमध्ये असंच दाखवून दिलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करतं. आयव्हरमेक्टिनची तशी मोठी परीक्षा ब्राझीलमध्ये 1358 रुग्णांवर झाली, निकाल मार्च 2022 मध्ये छापून आला, हॉस्पिटलात भरती होणं काही कमी झालं नाही. औषध म्हणून ते वाईट नाहीच, जंतांवर उत्तम आहे, ज्या शोधातून ते आलं त्याला 2015 मध्ये नोबेल मिळालंय, पण जंत वेगळे आणि कोविड वेगळा.

नोबेलवरून आठवलं, त्याच मे 2021 मध्ये ल्युक माँटेनिए यांच्या नावाने मेसेज आला होता की लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार. एचआयव्हीच्या शोधासाठी नोबेल मिळालेला माणूस, म्हणून लोक हबकले. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो मेसेज खोटा ठरवला. पण मला वाटतं तो खरा असता तरी मी हेच विचारलं असतं, की त्यांनी हे कशावरून म्हटलं, आकडे कुठे आहेत? मोठं नाव बघून तो प्रश्न सोडून द्यायचा नाही.

आणि मोठ्या संस्थाही चुकतात, हे मान्य केलंच पाहिजे. 28 मार्च 2020 ला डब्ल्यूएचओने ठामपणे ट्वीट केलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. हवेतले कण कसे तरंगतात याचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या लिडिया मोरावस्का आणि सहकाऱ्यांना हे पटलं नाही, जुलैमध्ये त्यांच्या पत्राला 239 शास्त्रज्ञांचा पाठिंबा होता, आणि 2021 मध्ये डब्ल्यूएचओनेही बंद खोलीतल्या हवेचा धोका स्पष्ट मांडला. म्हणजे औषधाचं विचारायचं ट्रायल करणाऱ्यांना आणि हवेचं विचारायचं हवेवाल्यांना. जी संस्था आपलं आधीचं म्हणणं उघडपणे बदलते तिच्यावर माझा विश्वास उलट वाढतो, कारण कधीच न बदलणारा मेसेज फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर असतो.

मामांनी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. घरातल्या खिडक्या मात्र उघड्या ठेवायला लागले आणि पावसाळाभर आल्यागेल्यांना बाहेर सोप्यावरच, म्हणजे ओसरीवर, बसवायचे.