तूर, दूर, धूर

"उद्या तूर सोंगाले जायाचं हाय," मोठी आई म्हणाली आणि मोठेबा चुलीकडे वळून धूर शोधू लागले. तिनं तेच ओरडून सांगितलं. ते पुन्हा चुलीकडेच पाहत राहिले.

कान तपासले होते, ठणठणीत निघाले. बैलाची घुंगरमाळ वाजली की मान बरोबर वळायची. दोष होता डाव्या कानशिलाच्या आत, मेंदूच्या त्या पट्ट्यात जिथं कानावर पडलेल्या आवाजाची अक्षरं होतात. तिथली रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती. हात-पाय धड, तोंड वाकडं नाही, फक्त बोलणं भरभर आणि अर्थाविना. गावाच्या लेखी लकवा म्हणजे लुळा हात. त्यामुळे 'डोक्यावर परिणाम झाला' असं ठरलं आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत ओट्यावरच्या चर्चेत संपली. हा प्रकार कार्ल वेर्निके या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरनं १८७४ सालीच लिहून ठेवला होता.

आता 'तूर' आणि 'दूर' म्हणून पाहा. जीभ दोन्ही वेळा दातांमागेच टेकते. 'द'ला गळ्यातल्या स्वरतंतूंचं कंपन जीभ सुटण्याआधी सुरू होतं, 'त'ला सुटल्यावर. 'ध'मध्ये त्या कंपनात श्वासही मिसळतो. हा सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांश भागांचा. निरोगी मेंदू तो नकळत टिपतो. एपिलेप्सीच्या शस्त्रक्रियेआधी मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवून घेतलेल्या नोंदींत दिसलं, की या पट्ट्यातले काही ठिपके 'प-त-क'सारख्या अडून सुटणाऱ्या आवाजांना जागे होतात, काही 'स-श'सारख्या घासणाऱ्यांना. लकव्याच्या झटक्यानं हे ठिपके मेले, किंवा त्यांचा अर्थाशी असलेला धागा तुटला, की तूर, दूर, धूर एकच होऊन जातात. इंग्रजीत 'ध' हा वेगळा वर्ण नाहीच. आपल्याकडे त-थ-द-ध अशी चौपदरी चाळणी, म्हणजे चुकायला जागाही जास्त.

म्हणून ओरडून उपयोग नाही. आवाज मोठा होतो, त-दमधला फरक तेवढाच राहतो. ओठ पाहूनही कळत नाही, तिन्ही शब्दांना ते सारखेच हलतात. सावकाश बोलणं, एका वेळी एकच गोष्ट सांगणं आणि वस्तू दाखवणं याचा मात्र फायदा होतो. आजूबाजूच्या शाबूत पेशी आणि उजवा मेंदू थोडंफार काम उचलतात; पहिल्या काही महिन्यांत जास्त, पुढे हळूहळू. हरिपाठ मात्र मोठेबांना पहिल्या आठवड्यापासून येत होता. घोकून पक्कं झालेलं असं पुष्कळदा वाचतं.

मोठी आई आता शेंग तळहातावर ठेवते, मग शब्द उच्चारते. परवा त्यांनी शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "धूर."

"व्हय, तेच," मोठी आई म्हणाली.