वनसेवा रस्ते (अमेरिका)

अमेरिकेच्या कृषी खात्याखालील वनसेवा (स्थापना 1905) सुमारे 19.3 कोटी एकर राष्ट्रीय वनभूमी सांभाळते. तिच्यातून गेलेल्या रस्त्यांचे जाळे सुमारे 3,70,000 मैलांचे, म्हणजे जवळजवळ 6 लाख किमी. आहे. यांतले बरेचसे रस्ते सहलीसाठी काढलेलेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडाची मागणी वाढली आणि ओंडक्यांच्या ट्रकांसाठी डोंगर कापले गेले. 1990 नंतर सरकारी जंगलांतली तोड घटली, तसा डागडुजीचा पैसाही आटला, रस्ते राहिले. आता त्यांवर शिकारी, गळ टाकणारे, तंबू ठोकणारे आणि डोंगर चढणारे दिसतात.

देखभालीच्या पाच पातळ्या आहेत. पहिलीतला रस्ता वाहनांना बंद, दुसरीतला फक्त उंच गाड्यांचा; तिसरीपासून साधी मोटार चालते आणि पाचवीतला बहुधा डांबरी असतो. एकूण लांबीचा मोठा भाग पहिल्या दोन पातळ्यांतच मोडतो. हे ओळखायची खूण फाट्यावरच असते. पाटीवर रस्त्याचा क्रमांक आडवा असेल तर साध्या मोटारीने जावे. अरुंद पट्टीवर आकडे एकाखाली एक असे उभे असतील, तर गाडीच्या पोटाला दगड लागणार हे धरून चालावे. अर्थात पाटी जागेवर हवी, आणि शिकाऱ्यांच्या नेमबाजीने तिची चाळण झालेली नसावी.

कोरड्या दिवसांत त्रास होतो तो पन्हळीचा. चाके उसळून उसळून खडीवर आडव्या लाटा उठतात आणि गाडी पत्र्याच्या छपरावरून धावल्यासारखी खडखडते. टायरमधली हवा थोडी कमी केली की धक्के सौम्य होतात. वसंतात बर्फ वितळते तेव्हा चाकोऱ्या खोल रुततात; पालापाचोळ्याने मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून वाहते आणि कडेचा भराव घेऊन जाते. आडव्या पडलेल्या झाडासाठी स्थानिक लोक गाडीत करवत ठेवतात. हिवाळ्यात यांतल्या बहुतेक रस्त्यांवरचे बर्फ कोणी काढत नाही. उंचावरच्या खिंडी काही वर्षी जुलैपर्यंत मोकळ्या होत नाहीत, आणि खाली ऊन असले तरी उत्तरेकडच्या सावलीतल्या वळणावर बर्फाचा ढीग तसाच असतो. ओरेगनमधला बेअर कॅम्प रस्ता उन्हाळ्यात किनाऱ्याकडे जाण्याची जवळची वाट असतो. हिवाळ्यात नकाशावर तितकाच सरळ दिसणाऱ्या या वाटेवर गाड्या अडकून माणसे दगावली आहेत.

आपल्याकडे वनखात्याचा रस्ता म्हटला की नाका आणि नोंदवही डोळ्यांपुढे येते. इथे बहुतेक ठिकाणी तसे काही नाही, पण मोकळीक वाटते तितकी नाही. 2005 च्या नियमानुसार प्रत्येक वनक्षेत्र वाहन वापराचा नकाशा काढते. तो फुकट मिळतो, काळापांढरा असतो आणि पाहायला रुक्ष. तरी कायद्याने प्रमाण तोच. त्यात न दाखवलेल्या रस्त्यावर गाडी घालणे हा गुन्हा ठरतो, जागेवर फाटक वा पाटी नसली तरीही. रस्ता किती महिने खुला हेही त्यातच असते, मात्र वणवा किंवा दरड यांमुळे आयत्या वेळी झालेली बंदी त्यात नसते. ती स्थानिक वन कार्यालयात विचारावी लागते. पश्चिमेत एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एक सोडून एक चौकोन जमीन दिली गेल्याने सरकारी व खाजगी जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या आहेत. वाटेचा हक्क नोंदलेला नसेल तर रस्ता मधेच कुलपापाशी संपतो.

अमेरिकेत फिरायला गेलेल्या मराठी कुटुंबांची गाडी बहुधा भाड्याची असते. अनेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते, तिथे झालेले नुकसान विम्यात बसत नाही आणि गाडी ओढून आणायचा खर्चही भाडेकरूवरच पडतो.