डब्यावरचा आकडा आणि फळाचा गर

‘रेल्वेच्या गार मालडब्यावर १३ अंश दिसतंय, म्हणजे आतली सगळी केळी १३ अंशांवर.’ वाशीच्या फळबाजारात हे नेहमी ऐकू येतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण तो आकडा हवेचा. तोडलेलं फळही श्वास घेत असतं, स्वतः उष्णता सोडत असतं. खोकी छताला भिडवून, फटी न ठेवता रचली की गार हवा खोक्यांमधून न जाता कडेची मोकळी वाट धरते आणि मधली थप्पी उबदारच राहते. मग तापमान आणखी उतरवलं, तर हवेच्या तोंडाशी असलेल्या केळ्यांची साल करडी पडते. ते नुकसान भरून येत नाही. माल आधी गार करूनच भरायला हवा. खात्री करायची असेल तर डबा उघडल्यावर दाराजवळचं एक आणि मधलं एक खोकं काढा, सुईचा थर्मामीटर थेट गरात खुपसा. दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा.