हार्मोन रोखणारी दोन औषधं एकत्र चालू असतील तर

चिठ्ठीवर अशी दोन औषधं दिसली की एखादं चुकून जास्त लिहिलंय असं वाटतं आणि घरी परस्पर बंद केलं जातं. याच्या उलटही होतं: नवं औषध सुरू झालं तरी जुन्याची स्ट्रिप चालूच राहते.

प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन (हा कॅन्सर वाढवणारं पुरुषी हार्मोन) वाढवतं, ते उतरतं एक-दोन आठवड्यांनी. मधल्या काळात आजार भडकू नये म्हणून टेस्टोस्टेरॉनचं काम अडवणारी बायकॅल्युटामाइड 50 मि.ग्रॅ. ही गोळी इंजेक्शनच्या काही दिवस आधीपासून देतात. गोळी उशिरा सुरू केली तर तिचा मुख्य उपयोगच हुकतो. इंजेक्शननंतर पाठ असह्य दुखू लागली, पायांतलं बळ गेलं किंवा लघवी अडली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.

प्रोस्टेट कॅन्सरचंच दुसरं औषध अबिराटेरोन बहुधा 1000 मि.ग्रॅ. असतं आणि ते रिकाम्या पोटीच घ्यायचं: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. जेवणाबरोबर घेतलं तर कित्येक पट जास्त औषध रक्तात उतरतं. सोबतचं प्रेडनिसोलोन ‘स्टेरॉइड नको’ म्हणून सोडू नका. अबिराटेरोनमुळे शरीरातलं कॉर्टिसॉल घटतं आणि त्याची भरपाई करताना मीठ-पाणी साठवणारी हार्मोन्स वाढतात. मग बीपी चढतं, पोटॅशियम घसरतं, पाय सुजतात. ही सूज उतरवायला घरातलं जुनं स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी गोळी) घेणं तर फारच वाईट. टेस्टोस्टेरॉन जिथे काम करतं तिथेच ते चिकटतं आणि पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात ते) वाढवू शकतं. पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी लिव्हरची तपासणी करतात, ती चुकवू नका.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये टॅमॉक्सिफेन बदलून लेट्रोझोल दिलं असेल, तर उरलेल्या गोळ्या ‘वाया कशाला घालवायच्या’ म्हणून संपवू नका. टॅमॉक्सिफेनमुळे लेट्रोझोलचं रक्तातलं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटतं. पाळी अजून थांबलेली नसेल, तर लेट्रोझोल एकटं पुरत नाही. सोबत अंडाशयांचं काम थांबवणारं गोसेरेलिन 3.6 मि.ग्रॅ.चं इंजेक्शन दर 28 दिवसांनी लागतं. तारीख हुकली तर अंडाशय पुन्हा काम करू लागतात आणि गर्भही राहू शकतो.

नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन घेत असाल तर टॅमॉक्सिफेन सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा. टॅमॉक्सिफेनला लिव्हरमध्ये ज्या एन्झाइममुळे खरा जोर येतो, तेच या गोळ्या अडवतात. त्या अचानक बंदही करायच्या नाहीत; पर्यायी गोळी डॉक्टरच ठरवतील. येताना चालू-बंद सगळ्या स्ट्रिप्स घेऊन या, कापलेल्यासुद्धा.