ऑनलाइन आव्हान (मुष्टियुद्ध)

व्यावसायिक मुष्टियोद्धे आणि त्यांचे प्रवर्तक (प्रमोटर) समाजमाध्यमांवरून प्रतिस्पर्ध्याला ललकारतात, लढत जाहीर करतात आणि चाहत्यांशी थेट बोलतात, त्या प्रथेची ही संज्ञा. इंग्रजीत तिला 'कॉल-आउट' म्हणतात. कुस्तीच्या फडात शड्डू ठोकावा तसाच हा प्रकार. मात्र येथे बघे आधी जमतात आणि आखाडा मागाहून ठरतो.

व्यावसायिक मुष्टियुद्धाला ठरलेला हंगाम नाही आणि एकच नियामक मंडळही नाही. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना आपापले जगज्जेते ठरवतात व प्रत्येक लढतीचा करार स्वतंत्रपणे होतो. उत्पन्नाचा मोठा भाग तिकिटांतून आणि 'पे-पर-व्ह्यू'मधून, म्हणजे एका लढतीपुरते पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाकडून येतो. त्यामुळे चाहत्यांच्या कुतूहलाला थेट बाजारभाव आहे.

प्रथेच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही जण तो 1961पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी लास वेगासमध्ये मुहम्मद अली (तेव्हाचे कॅशियस क्ले) यांची गॉर्जस जॉर्ज या मल्लाशी भेट झाली आणि बढाई मारून तिकिटे खपवण्याची त्याची रीत त्यांनी उचलली. ही फार तर प्रथेची पूर्वपीठिका म्हणता येईल. 2006 मध्ये जर्मन दिग्दर्शक उवे बोल यांनी आपल्या चित्रपटांवर इंटरनेटवर टीका करणाऱ्यांना रिंगमध्ये बोलावून त्यांच्याशी ठोसेबाजी केली. येथे माध्यम जुळते, पण व्यावसायिक खेळाशी संबंध नाही. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या '24/7' मालिकेने 2007 पासून सरावगृहाचे दार प्रेक्षकांना उघडून दिले, तरी ते दूरचित्रवाणीच होते. प्रथेला आजचे रूप साधारण 2015 च्या सुमारास आले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षी जानेवारीत मायामीतील एका बास्केटबॉल सामन्यात फ्लॉइड मेवेदर व मॅनी पॅकियाओ या नामवंत मुष्टियोद्ध्यांची गाठ पडली आणि त्यांनी एकमेकांचे फोन क्रमांक घेतले. 20 फेब्रुवारीला मेवेदर यांनी 'शॉट्स' या छायाचित्रांच्या अ‍ॅपवर सह्या झालेल्या कराराच्या पानाचे छायाचित्र टाकले. पत्रकार परिषद नाही, वाहिनीची घोषणा नाही. चाहत्यांना पहिल्यांदा दिसली ती सही. 2 मेच्या या लढतीसाठी अमेरिकेत सुमारे 100 डॉलर मोजणाऱ्या ग्राहकांची संख्या 46 लाखांच्या आसपास गेली. त्याच रात्री अनेकांनी 'पेरिस्कोप' या थेट प्रक्षेपणाच्या अ‍ॅपवरून ती फुकटही दाखवली.

सही आणि घोषणा यांतले अंतर येथे कळीचे आहे. मे 2021 मध्ये ब्रिटिश मुष्टियोद्धे टायसन फ्युरी यांनी चित्रफीत टाकून देशबांधव अँथनी जोशुआविरुद्धची लढत 14 ऑगस्टला सौदी अरेबियात होणार असे जाहीर केले. लगोलग लवादाचा निकाल आला, की आधीच्या करारानुसार फ्युरी यांनी अमेरिकी मुष्टियोद्धे डिऑन्टे वाइल्डर यांच्याशी तिसऱ्यांदा लढले पाहिजे. ऑगस्टची लढत बारगळली. चाहत्यांच्या विश्वासाला असे तडे जाणे ही या प्रथेची सर्वांत गंभीर उणीव होय.

2018 मध्ये केएसआय व लोगन पॉल हे दोन यूट्यूबर मँचेस्टरमध्ये लढले. लढत बरोबरीत सुटली. 2019 मध्ये लॉस एंजेलिसला त्यांची व्यावसायिक लढत झाली, तेव्हा खऱ्या जगज्जेतेपदाच्या लढती त्यांच्याआधी, दुय्यम स्थानी ठेवल्या होत्या. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या मुष्टियोद्ध्यांवर हा अन्यायच होता.

चाहत्यांशी जवळीक वाढली तशी शिवीगाळही वाढली. 2013 मध्ये इंग्लिश मुष्टियोद्धा कर्टिस वुडहाउस ट्विटरवर छळणाऱ्याचा माग काढत शेफील्डला गेले आणि त्याच्या रस्त्याच्या नावाच्या पाटीचे छायाचित्र टाकले; त्या इसमाने तत्काळ माफी मागितली. मुष्टियोद्ध्यांनाही शिक्षा झाल्या आहेत. टाळेबंदीत स्त्रियांना मारण्याविषयी चित्रफीत टाकल्याबद्दल 2020 मध्ये ब्रिटनच्या मुष्टियुद्ध नियामक मंडळाने मुष्टियोद्धे बिली जो सॉन्डर्स यांचा परवाना निलंबित केला व पुढे 15,000 पौंड दंड केला. वंशद्वेषी वक्तव्यांमुळे डब्ल्यूबीसीने 2024 मध्ये अमेरिकी मुष्टियोद्धे रायन गार्सिया यांची हकालपट्टी केली.

भारतीय उदाहरणे थोडी आहेत. हरियाणाचे मुष्टियोद्धे नीरज गोयत यांनी लोगन पॉल यांचे भाऊ, यूट्यूबर व मुष्टियोद्धे जेक पॉल यांना समाजमाध्यमांवरून वारंवार आव्हान दिले होते. 15 नोव्हेंबर 2024 रोजी टेक्ससमधील जेक पॉल–माइक टायसन लढतीच्या कार्यक्रमात त्यांना स्थान मिळाले. पॉल यांच्याशी नव्हे, तर विंडरसन नुनेस या ब्राझिलियन यूट्यूबरशी त्यांची गाठ पडली आणि ते गुणांवर जिंकले.