जपानी जिन म्हणजे साके नव्हे!

जपानी जिनची क्रेझ वाढलीये तशी एक जुनी थाप परत फिरतेय, की ही साकेच, फक्त वास लावलेली. अजिबात नाही हो! साके तांदूळ आंबवून करतात, डिस्टिल (म्हणजे उकळून, वाफ थंड करून अर्क काढणं) करत नाहीत, अल्कोहोल साधारण १५ टक्के. जिन डिस्टिलच होते आणि तिच्यात जुनिपर (एका झुडपाची सुगंधी, बोरासारखी फळं) हवंच. क्योटोची ‘की नो बी’ ही जिन (२०१६) तांदळाच्या स्पिरिटवर बनते, घोळ तिथेच होत असावा, पण जुनिपर तिच्यातही आहे, शिवाय युझू (जपानी लिंबूवर्गीय फळ), हिनोकी या जपानी सायप्रसचं लाकूड, ग्योकुरो हा हिरवा चहा, सगळं सहा गटांत वेगवेगळं डिस्टिल करून मग ब्लेंड करतात, केवढं किचकट काम! सनटोरी या जपानी कंपनीच्या ‘रोकू’ जिनमध्ये (२०१७) सान्शो मिरी असते, ती आपल्या बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, चावली की जिभेला तशाच मुंग्या येतात.